आजोच्या वहीतली प्यादेमात

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच.

२०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक भरला, तेव्हा घरोघरी पट निघाले. आमच्या पेडण्याच्या घरीही निघाला. त्याच्याबरोबर कपाटातून आजोची वहीसुद्धा बाहेर आली. वहीत डाव नव्हते, कोडी होती. हाताने आखलेला पट, त्यावर चार-सहा मोहरे आणि खाली एक ओळ, ‘इतक्या खेळ्यांत मात’. आजीचं माहेर डिचोलीचं. तिचे भाऊही याच नादाचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला कोण ना कोण जायचाच, त्याच्याकडे आजो चिठ्ठी द्यायचा. डिचोलीहून आलेल्या माणसाबरोबर ती पुढे जायची आणि उत्तर पुढच्या शुक्रवारी यायचं. कधी उत्तराऐवजी उलट कोडंच यायचं.

भाच्याने त्यातलं एक कोडं मोबाईलवर मांडलं. तुम्हीही मांडून बघा. काळ्याचा राजा एच ८ वर, प्यादं एच ७ वर, बाकी काही नाही. पांढऱ्याचा राजा एफ ७, हत्ती एच १, उंट सी २, प्यादं जी ५. पांढऱ्याची खेळी. आजोने खाली लिहिलेलं, ‘प्यादेमात, दोन खेळ्या’.

मोबाईलने क्षणात सांगितलं, एकाच खेळीत मात! हत्तीने एच ७ चं प्यादं मारायचं, मागून उंटाचा जोर आहेच, संपलं. सगळे हसले. खरं सांगतो, मीही हसलो. ‘आजोला एवढं दिसलं नाही?’ असं बोलूनही गेलो. वही रद्दीत जायला फार वेळ लागला नसता.

तेवढ्यात डिचोलीचे मामा सोप्यावरून म्हणाले, ‘अरे, प्यादं मारलंस तर बुर्जी झाली की!’

आमच्या पिढीला हा शब्दच ठाऊक नाही. देशी खेळात समोरच्याचं सगळं सैन्य मारून राजा एकटा पाडला की ती बुर्जी. डाव बरोबरीत, फार तर अर्धी जीत; गावागावांत फरक असायचा, पण पुरी मात नव्हे. शेवटचं प्यादं जिवंत ठेवून मात करायची, आणि तीही प्याद्याने केली तर सगळ्यात मोठा मान. मामांनी प्यादं जी ६ वर ढकललं. काळं प्यादं ते मारू शकत नाही, कारण हटलं तर हत्तीचा शह थेट राजावर. राजाला घर नाही. देशी खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं, म्हणून काळ्याला एच ६ ही एकच खेळी. मग पांढरं प्यादं जी ७ वर. मात! आजो चुकला नव्हता. आम्हीच दुसऱ्या खेळाचे कायदे लावून त्याला तपासत होतो.

मग मी थोडं वाचलं. ही अडचण आमच्या घरापुरती नाही, दोनशे वर्षांची आहे. १८१४ साली, म्हणजे दुसरा बाजीराव गादीवर असताना, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक मुंबईत इंग्रजीत छापलं गेलं. मूळ संस्कृतातलं, आणि मुख्यतः मांडून दिलेल्या स्थितींचंच. पण त्याच्या नावातच सांगितलं आहे की हे युरोपीय खेळाला जुळवून घेतलेलं आहे. म्हणजे छापायचं झालं तर आपली कोडी त्यांच्या कायद्यात बसवावी लागत होती.

१८४५ मध्ये उलटं घडलं. दिल्लीतून ‘शागीर्द’ अशा टोपणनावाने एक कोडं लंडनला स्टॉन्टनच्या मासिकात गेलं. चार खेळ्यांत मात. उंट आधी लांब मागे न्यायचा, मग आपलाच हत्ती मुद्दाम त्याच्या वाटेत उभा करायचा, म्हणजे कोंडलेल्या राजाला श्वास मिळतो. राजा पुढे आला की हत्ती सरकतो आणि मागच्या उंटाने मात होते. कोडी रचणाऱ्यांच्या जगात ही कल्पना आजही ‘इंडियन’ म्हणूनच ओळखली जाते. रचणारा मात लव्हडे नावाचा इंग्रज पाद्री होता, आणि कोडं युरोपीय कायद्यातलं होतं. म्हणून ते टिकलं.

आपल्याकडे १९५१ मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. १९५५ ला एलुरूच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांना अजिंक्यपद विभागून मिळालं. सगळीकडे एकच कायदा आला. ते बरंच झालं. नाहीतर आपली भक्ती कुलकर्णी ऑलिंपियाडचं पदक घेऊन आली असती का? पण देशी कोड्यांखाली कायदे कोणी लिहून ठेवले नाहीत. ज्याला ठाऊक होते तो सोप्यावर बसलेलाच असायचा, मग लिहायचे कशाला!

आजोच्या वहीत अशी एकेचाळीस कोडी आहेत. मामांबरोबर बसून सव्वीस सुटली. उरलेल्यांत काही ठिकाणी राजा घोड्यासारखा अडीच घरं उडी मारतो, काही ठिकाणी घोड्याच्या ओळीतलं प्यादं शेवटच्या घरात गेलं की वजीर न होता घोडाच होतो. काहींचा कायदा मामांनाही आठवत नाही, आणि त्यांचं वय आता शहाऐंशी.

तेव्हा पेडणे, डिचोली, सत्तरी, पलीकडे सावंतवाडी, दोडामार्गच्या मंडळींना विनंती. तुमच्या घरच्या जुन्या माणसांना विचारा, तुमच्याकडे बुर्जी कशाला म्हणत? राजाची उडी कधी चालायची, शह बसल्यावर की त्याआधीच? जे सांगतील ते खाली त्यांच्याच शब्दांत लिहा. सत्ताविसावं कोडं तुमच्या उत्तरासाठी मांडून ठेवलंय.