बँडचा मालक कोण? १९४७ मधला एक करखटला

आज आपण एका वाक्यात सांगता येईल अशा प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. शनिवारी रात्री एका हॉलमध्ये १४ जण बसून वाजवतात, लोक नाचतात, तिकिटाचे पैसे जमतात. तर त्या १४ जणांचा मालक कोण? हॉलवाला, की समोर काठी हलवणारा बँडचा लीडर? संगीताच्या दृष्टीने हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारतं ते कर खातं. आणि अमेरिकेत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खटल्याचं नाव बार्टेल्स विरुद्ध बर्मिंगहॅम, निकालाची तारीख २३ जून १९४७. यातला बर्मिंगहॅम म्हणजे इंग्लंडातलं शहर नव्हे हं, तो आयोवा राज्यातला केंद्र सरकारचा करवसुली अधिकारी.

आधी पार्श्वभूमी. १९३५ साली रूझवेल्टच्या काळात सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. म्हातारपणी पेन्शन आणि बेकारीच्या काळात भत्ता, अशा दोन गोष्टी त्यातून उभ्या राहिल्या. पेन्शनसाठीची वसुली १९३७ पासून सुरू झाली. पहिल्या ३,००० डॉलर वार्षिक पगारावर १ टक्का कामगाराच्या पगारातून कापायचा आणि १ टक्का मालकाने स्वतःचा घालायचा. दोन्ही रकमा सरकारात भरण्याची जबाबदारी मात्र मालकाचीच. बेकारीभत्त्यासाठी वेगळा ३ टक्के कर होता आणि तो फक्त मालकावर होता. राज्याच्या बेकारी निधीत भरलेल्या रकमेची त्यात मोठी सूट मिळे. हा कर लागू व्हायला एक अट होती. वर्षातल्या निदान २० वेगवेगळ्या आठवड्यांत, आठवड्यातल्या एखाद्या दिवशी तरी, तुमच्याकडे आठ किंवा जास्त माणसं कामाला असली पाहिजेत. हा आठचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

मग युद्ध आलं. १ जुलै १९४३ पासून प्राप्तिकरही पगारातूनच कापायला सुरुवात झाली. म्हणजे 'मालक' या शब्दाला आता बरीच वजनं लटकली. वहीखातं ठेवा, प्रत्येकाचा नंबर लिहा, दर तिमाहीला विवरण भरा, आणि पैसे कापायचे राहून गेले तर स्वतःच्या खिशातून द्या.

आता बँडचं आयुष्य कसं होतं ते बघा. त्या काळातले मोठे स्विंग बँड बसमधून फिरत. आज या गावात, उद्या दोनशे मैलांवर दुसऱ्या गावात. आपल्याकडे तमाशाचा फड किंवा लग्नातला बँड सुपारी घेतो ना, तशीच एकेका रात्रीची सुपारी. हॉलवाला एक ठोक रक्कम लीडरच्या हातावर ठेवणार. त्यातून लीडर वादकांचे पगार देणार, एजंटाचं कमिशन देणार, बसचा खर्च करणार, नव्या चालींची नोटेशनं लिहून घेणार, गणवेश शिवणार. उरलं तर त्याचं, नाही उरलं तर तोटाही त्याचाच.

समजा ५०० डॉलरची सुपारी आहे आणि १४ वादकांना प्रत्येकी २० डॉलर द्यायचेत. पगार झाले २८०. त्यावर मालकाचा पेन्शनचा वाटा २ डॉलर ८० सेंट. बेकारीचा कर फार तर आणखी ८ डॉलर ४० सेंट. ही रक्कम काही बँड बुडवणारी नाही. त्रास होता तो हिशेबाचा. पहाटे तीनला बसमध्ये चढणाऱ्या ट्रंपेटवादकाने ही कारकुनी करायची! आणि वादक तरी कुठे टिकून असत? एक जण ओमाहात सोडून जातो, दुसरा डे मॉइनमध्ये चढतो.

वादकांची संघटना होती अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स. १९४० पासून तिचा अध्यक्ष होता जेम्स पेट्रिलो, अत्यंत हट्टी माणूस. १९४२ च्या ऑगस्टपासून देशभर रेकॉर्डिंग बंद पाडणारा तोच. या संघटनेत वादकही सदस्य आणि लीडरही सदस्य. आपल्याच सदस्याला मालक कसं म्हणायचं? यावर उत्तर म्हणून संघटनेने एक छापील करार तयार केला, 'फॉर्म बी'. त्यात लिहिलेलं होतं की या कार्यक्रमापुरता मालक हॉलवाला आहे आणि वादकांवर देखरेख, हुकूम आणि नियंत्रण सगळं त्याचं राहील. हा करार सही केल्याशिवाय बँड मिळत नसे.

बिचारा आयोवातला हॉलवाला! त्याला सॅक्सोफोन कुठून फुंकतात हे माहीत नाही, आणि कागदावर तो वादनाच्या पद्धतीपासून तपशिलापर्यंत सगळ्याचा नियंत्रक. त्यातून तो आठचा आकडा. त्याच्याकडे कायमचे लोक तीन-चार, तिकीट देणारा, झाडलोट करणारा, असे. पण दर शनिवारी १४ जणांचा बँड त्याचा नोकर धरला, की वीस आठवडे सहज भरतात आणि बेकारीचा कर त्याच्या दारात. कर खात्याने फॉर्म बी प्रमाण मानला आणि हॉलवाल्यांकडून कर घेतला. तो परत मिळावा म्हणून हॉलवाले कोर्टात गेले.

खालच्या न्यायालयाने हॉलवाल्यांच्या बाजूने निकाल दिला. अपील न्यायालयाने तो फिरवला, कारण करारात स्पष्ट लिहिलंय, सही केली आहे, संपलं. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा फिरवला. निकालपत्र न्यायमूर्ती रीड यांचं. त्यांचा मुद्दा असा, की कायद्याला प्रत्यक्ष व्यवहारात कोण कोणावर अवलंबून आहे ते पाहायचं असतं. वादक कोण निवडतो? लीडर. काढून कोण टाकतो? लीडर. काय वाजवायचं आणि कसं, हे कोण सांगतो? लीडर. नफा-तोटा कोणाचा? लीडरचाच. लोक येतात तेही त्याच्या नावावर. हॉलवाल्याने दिलं काय, तर हॉल, दिवे, पियानो आणि जाहिरात. तेव्हा कागदावर काहीही लिहा, मालक लीडरच. डग्लस, ब्लॅक आणि मर्फी या तीन न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवलं. एकच आठवडा आधी याच न्यायालयाने कोळसा उतरवणाऱ्या मजुरांच्या खटल्यात हीच कसोटी लावली होती आणि तिथे मजुरांना नोकर ठरवलं होतं.

आपल्याला यात नवं काही वाटू नये. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये निघाली ती बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे अशा भागीदारांची म्हणून. पुढे भागीदार बाजूला झाले आणि कर्ज एकट्याच्या डोक्यावर आलं. नाटकवाल्यांच्या बोलण्यात 'मालक' हा शब्द आदराचा असतो. पण देणेकरी दारात आले की त्याचा खरा अर्थ कळतो.

मला स्वतःला हा निकाल वस्तुस्थितीला धरून वाटतो. फॉर्म बी हा सोयीचा खोटेपणा होता. पण त्या खोटेपणामागे एक खरी अडचण होती, आणि तिकडे इतिहास लिहिणारे फारसे वळत नाहीत. पेन्शन मिळायची ती नोंदलेल्या पगाराच्या सरासरीवर. म्हणजे ज्या रात्रीचा कर भरला नाही, ती रात्र वादकाच्या म्हातारपणाच्या हिशेबात नाहीच. हॉल हा जागेवर राहणारा, पत्ता असलेला मालक. बँड मोडला की लीडर कुठे शोधणार? आणि बँड मोडतच होते. १९४६ च्या अखेरीस काही आठवड्यांत बेनी गुडमन, वुडी हर्मन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी अशा मोठमोठ्यांनी आपले बँड बरखास्त केले होते. त्याची कारणं प्रवासखर्च, पगारवाढ आणि बदललेली आवड. करामुळे बँड संपले असं मी म्हणणार नाही. बीबॉपचे चार-पाच जणांचे संच आठच्या आकड्याखाली राहण्यासाठी निघाले, असं कोणी म्हणालं तर तेही मला पटणार नाही. हिशेब सोपा झाला एवढं खरं.

आणि लीडरचं काय? ही यातली सगळ्यात विचित्र गोष्ट. त्या वेळी स्वतःचा धंदा करणारा माणूस पेन्शन योजनेत बसतच नव्हता. तो त्यात आला १९५१ पासून. फॉर्म बीप्रमाणे लीडर हॉलवाल्याचा नोकर धरला जाई, म्हणून त्याच्याही नावावर नोंद होई. निकालानंतर तो मालक ठरला. १४ जणांच्या म्हातारपणाचा वाटा त्याने खिशातून भरायचा, आणि त्याच्या स्वतःच्या खात्यावर बँड चालवल्याबद्दल शून्य. साडेतीन वर्षं ही स्थिती राहिली.

२३ जून १९४७ हा दिवस वादकांसाठी एकूणच वाईट गेला. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने पेट्रिलोला आवर घालण्यासाठी केलेला रेडिओविषयीचा कायदा वैध ठरवला. आणि त्याच दिवशी सिनेटने ट्रुमनचा नकाराधिकार डावलून टाफ्ट-हार्टली कायदा मंजूर केला. त्या कायद्यात 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येतून स्वतंत्र कंत्राटदार मुद्दाम वगळले होते.

लीडर मालक की कामगार हा वाद मात्र तिथे मिटला नाही. १९६८ मध्ये तो वेगळ्या वेशात परत आला. न्यूयॉर्कमधले काही लीडर म्हणाले, आम्ही धंदेवाले आहोत, संघटना आमच्यावर किमान दर लादते, ही मक्तेदारी आहे. त्यांचं नाव होतं कॅरोल आणि इतर. या वेळी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, लीडर वादकांशी कामासाठी आणि पगारासाठी स्पर्धा करतात, तेव्हा संघटनेच्या दृष्टीने ते कामगारांच्याच गटातले, दर लादता येतील. म्हणजे कर भरताना मालक, आणि दर ठरवताना कामगार. माणूस तोच, हातातली काठीही तीच.