पात्याला मोकळीक मिळाली, तेव्हा हेलिकॉप्टर उडालं

पूर आला की नदीकाठच्या गावांवरून हेलिकॉप्टर घरघरत जातं. पोरं अंगणात धावतात, आपणही हातातलं काम टाकून वर बघतो. विमान पुढे धावत सुटतं म्हणून उडतं, हे एक वेळ समजतं. पण हे यंत्र हवेत एका जागी उभं राहतं, ते कसं? आज आम्ही त्याच्या डोक्यावरच्या पंख्याचा इतिहास सांगणार आहोत. तो कळला की हेलिकॉप्टर गावात उतरल्यावर कुठे थांबायचं आणि कुठे जायचं नाही, हेही कळेल.

आधी साधी गोष्ट. वारा सुटलेला असताना सूप थोडं तिरकं धरलं, तर ते हातातून वर उचलू पाहतं. हेलिकॉप्टरचं पातं म्हणजे असंच तिरकं धरलेलं सूप. फरक एवढाच, की ते वाऱ्याची वाट बघत नाही. स्वतःच गरगर फिरतं, हवा खाली ढकलतं आणि वर उचललं जातं. पात्यांच्या या चक्राला रोटर म्हणतात.

ही कल्पना फार जुनी. कीव्ह शहरात १८८९ साली जन्मलेल्या इगोर सिकोर्स्कीला लहानपणी आईनं लिओनार्दो दा विंचीनं काढलेल्या उडत्या यंत्रांच्या चित्रांविषयी सांगितलं होतं. ते त्याच्या मनात बसलं. १९०९ साली बहीण ओल्गानं पैसे दिले, त्यातून पॅरिसहून इंजिन आणलं आणि त्यानं हेलिकॉप्टर बांधलं. ते उडालं नाही. १९१० साली दुसरं बांधलं. त्यानं स्वतःचं वजन कसंबसं उचललं, माणसाचं नाही. शेवटी तो विमानांकडे वळला.

तेव्हाची इंजिनं दुबळी होती, हे खरं. पण नुसतं इंजिन मोठं करून भागणार नव्हतं. आपण वाऱ्याविरुद्ध सायकल चालवतो तेव्हा वारा तोंडावर जोरात लागतो, वाऱ्याबरोबर चालवली की जाणवतही नाही. रोटरचं तसंच आहे. यंत्र पुढे जाऊ लागलं की एका बाजूचं पातं पुढे, समोरच्या वाऱ्यावर धावतं. दुसऱ्या बाजूचं पातं मागे, वाऱ्याबरोबर जातं. पहिल्याला उचल जास्त मिळते, दुसऱ्याला कमी. कावडीचं एकच मडकं भरलेलं असावं, तसा तोल जातो आणि यंत्र आडवं होतं.

हे कोडं सोडवलं स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा या इंजिनिअरनं. त्याचं यंत्र हेलिकॉप्टर नव्हतं, ऑटोजायरो होतं. त्याचं इंजिन पुढचा पंखा फिरवायचं आणि वरचा रोटर समोरून येणाऱ्या हवेनं जत्रेतल्या भिंगरीसारखा आपोआप फिरायचा. त्याची पहिली यंत्रं एका कुशीवर कलंडली. पण त्यानंच केलेली छोटी प्रतिकृती मात्र छान उडायची! दोन्हींत फरक काय? प्रतिकृतीची पाती वेताची होती, लवचीक होती. मोठ्या यंत्राची पाती ताठ, घट्ट बसवलेली होती.

मग त्यानं प्रत्येक पातं मुळाशी बिजागरीवर बसवलं. दाराची बिजागरी असते तशीच, फक्त पातं वर-खाली हलू देणारी. आता ज्या पात्याला जास्त उचल मिळते, ते वर जातं. वर जाताना हवा त्याला कमी तिरकी लागते, म्हणून उचल कमी होते. पलीकडचं पातं खाली येतं आणि त्याची उचल वाढते. दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात. मग पाती वरच्या वर दुमडत कशी नाहीत? पाखरं हाकायची गोफण आठवा. गरगर फिरवली की दोरी कशी ताठ होते! जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या गेटाफे इथं हे यंत्र तोल सांभाळून उडालं. १९२८ साली सिएर्वा ऑटोजायरोतून इंग्लंडहून फ्रान्सला खाडी ओलांडून गेला. १९३६ साली लंडनजवळ एका प्रवासी विमानाच्या अपघातात तो वारला.

पण ऑटोजायरो एका जागी स्थिर थांबू शकत नव्हता. त्यासाठी रोटर इंजिननंच फिरवायला हवा, आणि तिथं नवी अडचण येते. होडीतून काठाला रेटा दिला की होडी मागे सरकते. तसं रोटर एका दिशेला फिरवला की खालचं धूड उलट्या दिशेला फिरू लागतं. जर्मनीत हाइनरिश फॉकेनं १९३६ साली यावर तोडगा काढला. दोन बाजूंना दोन रोटर, एकमेकांच्या उलट फिरणारे. हे यंत्र १९३७ साली हाना राइट्श या वैमानिक बाईनं चालवलं. हेलिकॉप्टर चालवणारी ती पहिली स्त्री. १९३८ साली बर्लिनमध्ये तिनं ते छपराखालच्या सभागृहात उडवून दाखवलं. तिचं कसब मोठं होतं, पण तो खेळ नाझी सत्तेच्या प्रचारासाठी होता आणि ती त्या सत्तेची समर्थक होती, हेही सांगायला हवं.

सिकोर्स्की तोवर अमेरिकेत गेला होता. १९३९ साली, पहिल्या प्रयत्नानंतर तीस वर्षांनी, त्याचं नवं यंत्र दोरांना बांधलेलं असताना जमिनीवरून उचललं गेलं. मे १९४० मध्ये ते मोकळं उडालं. त्यानं वर एकच मोठा रोटर ठेवला आणि शेपटीला छोटा उभा पंखा लावला. हा पंखा शेपटीला बाजूनं रेटतो आणि धूड फिरू देत नाही. आज आपण पाहतो त्या बहुतेक हेलिकॉप्टरांची ठेवण हीच.

या यंत्राचा उपयोग लगेच दिसला. जानेवारी १९४४ मध्ये न्यूयॉर्कजवळ युद्धनौकेवर स्फोट झाला, तेव्हा बर्फाच्या वादळातून जखमींसाठी रक्तद्रव हेलिकॉप्टरनं पोचवलं. आपल्या देशात ऑगस्ट २०१८ च्या केरळच्या महापुरात नौदलानं आलुव्याजवळ दिवस भरलेल्या एका बाईला दोरानं वर उचललं. त्याच दिवशी नौदलाच्या दवाखान्यात ती बाळंत झाली, मुलगा झाला.

आणि आपल्याच देशात बनलेल्या ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरच्या रोटरला तशा बिजागऱ्या नाहीत. तिथं लवचीक पदार्थच वाकतो, सिएर्वाच्या वेतासारखा.

आता कामाच्या गोष्टी. उतरताना रोटर हवेचा मोठा लोट खाली फेकतो. सुटे पत्रे, ताडपत्री, कडबा आधीच बांधून ठेवा. पदर खोचा, लेकरं घट्ट धरा. शेपटीचा पंखा फिरताना दिसतही नाही, म्हणून त्या बाजूला कधीच जाऊ नका. जवानांनी खूण केल्यावरच, वाकून, समोरच्या बाजूनं जा. उतारावर असाल तर खालच्या अंगानं जा, वरच्या अंगाला पाती डोक्याजवळ येतात. रोटर थांबत आला म्हणून पुढे धावू नका. गोफण मंदावली की दोरी खाली येते, तशी पातीही खाली लवतात. वरून दोर आला तर त्याचा आकडा आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्या, मगच हात लावा. त्यात विजेचा झटका असू शकतो.

पावसाळ्याआधीच्या गटाच्या बैठकीत एवढं एकदा मोठ्यानं वाचा. पोरांनाही सांगा, कारण हेलिकॉप्टर दिसलं की सगळ्यांच्या आधी तीच धावतात.