भोर–वेल्हे परिसरातील बुरूडकाम

भोर–वेल्हे परिसरातील बुरूडकाम हा पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर आणि वेल्हे (राजगड) या तालुक्यांत चालणारा, बांबूच्या टोपल्या, सुपे व इतर विणीव वस्तू तयार करण्याचा हस्तव्यवसाय होय. भातशेती, दुभती जनावरे आणि कोंबडीपालन यांवर उभ्या असलेल्या ग्रामजीवनाच्या गरजांतून या वस्तूंचे आकार ठरत गेले. हे कौशल्य पूर्वी प्रामुख्याने बुरूड समाजाच्या घरांत, बालवयापासून पाहून-पाहून आत्मसात केले जात असे. घरातील ही परंपरा क्षीण होऊ लागल्यामुळे बुरूडकाम प्रौढ वयात, प्रशिक्षणवर्गातून किंवा कारागिराकडे बसून कसे शिकता येईल, हा प्रश्न आता या व्यवसायाच्या भवितव्याशी जोडला गेला आहे.

नाव व समाज

बांबूकाम करणाऱ्या समाजास महाराष्ट्रात 'बुरूड' म्हणतात आणि त्यावरून या व्यवसायास 'बुरूडकाम' हे नाव पडले. राज्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत या समाजाचा समावेश आहे. कर्नाटकात हाच व्यवसाय करणारा समाज 'मेदार' या नावाने ओळखला जातो. बाराव्या शतकातील शरण, बसवेश्वरांचे समकालीन मेदार केतय्या हे स्वतः बांबूकाम करीत आणि या समाजात त्यांना पूज्य मानले जाते. पुणे शहरातील 'बुरुडी पूल' या स्थलनामातही या व्यवसायाची खूण टिकून आहे.

बांबूचे सर्व काम केवळ बुरूडच करीत असे मात्र नाही. कुंपण, मांडव, घराचे कूड किंवा मासे पकडण्याचे सापळे यांसारखी कामे शेतकरी व कातकरी कुटुंबेही करीत आली आहेत. विक्रीसाठीच्या बारीक विणीचे काम हे बुरुडांचे वैशिष्ट्य मानले जाई.

परिसर व कच्चा माल

नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या या डोंगराळ प्रदेशाच्या पश्चिमेकडील भागात पाऊस मोठा असतो. राजगड व तोरणा हे किल्ले याच परिसरात आहेत. भात हे मुख्य पीक असून घरामागे, ओढ्याकाठी व शेतांच्या बांधांवर बांबूची बेटे आढळतात.

महाराष्ट्रात विणकामासाठी मानवेल (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस), काटेरी कळक (बांबुसा बांबोस) आणि विशेषतः कोकणात माणगा (डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी) या जाती वापरल्या जातात. बांबू ही गवत कुळातील वनस्पती आहे. तिचा कोंब काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. पण पक्का होण्यास त्याला सुमारे तीन वर्षे लागतात. अगदी कोवळा बांबू वाळल्यावर आक्रसतो आणि जून झालेला बांबू वाकवताना मोडतो. त्यामुळे विणकामासाठी मधल्या वयाची काठी निवडतात.

तोड पावसाळा संपल्यानंतर, थंडीत करतात. पावसाळी वाढीच्या काळात बांबूत पिष्टमय द्रव्य अधिक असते आणि त्यावर जगणारे भुंगेरे काठी पोखरून तिचा भुसा करतात. कृष्णपक्षात किंवा अमावास्येच्या सुमारास तोड करावी, असाही संकेत पाळला जातो. तोडलेल्या काठ्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवणे आणि तयार वस्तू चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवणे, हे टिकाऊपणाचे जुने उपाय होत. प्रशिक्षणकेंद्रांत त्यांऐवजी बोरॅक्स व बोरिक अॅसिड यांच्या द्रावणाची प्रक्रिया शिकवतात.

वस्तू आणि त्यांची रचना

या व्यवसायात 'नक्षी' आणि 'उपयोग' वेगळे काढता येत नाहीत. वस्तूचा आकार, विणीची घट्ट-सैल ठेवण आणि काठाची जाडी ही प्रत्येक वेळी कामावरून ठरते.

सूप : धान्य पाखडण्यासाठी. तीन बाजू उचललेल्या व पुढची बाजू मोकळी असते. पृष्ठभाग गुळगुळीत राहून कोंडा सहज पुढे सरकावा, यासाठी पातळ पट्ट्यांची दाट तिरपी वीण घालतात.

रोवळी : तांदूळ धुण्यासाठी. विणीतील फट तांदळाच्या दाण्याहून बारीक ठेवावी लागते, म्हणजे पाणी निथळते आणि दाणा आत राहतो.

कणगी : धान्य साठवण्याचे उंच भांडे. घट्ट विणून आतबाहेर शेणमातीने लिंपतात. लिंपण धरून राहावे इतका खडबडीतपणा विणीत ठेवावा लागतो.

डालगे : कोंबड्या झाकण्याचे साधन. हवा खेळती राहावी व वजन कमी असावे, म्हणून मोठ्या छिद्रांची वीण घालतात.

पाटी व हारा : माती, शेणखत व धान्य वाहण्यासाठी. यांचे बूड आणि काठ अधिक मजबूत करतात.

इरले : भातलावणीच्या वेळी डोक्यापासून पाठीपर्यंत घ्यावयाचे पावसाळी आच्छादन. बांबूच्या दोन जाळ्यांमध्ये पाने घालून ते तयार होते. वाकून रोपे लावताना दोन्ही हात मोकळे राहणे, हा त्याच्या घाटाचा हेतू होय.

धार्मिक व कौटुंबिक प्रसंगांनाही बुरूडकामाची गरज पडते. देवीची परडी, विवाहातील सूप-दुरडी, नवजात बालकास सुपात ठेवण्याची चाल आणि अखेरची तिरडी, अशा जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विधींत बांबूच्या वस्तू येतात.

साधने व तंत्र

बुरूडकामाची साधने थोडी असतात : कोयता, सुरी, करवत आणि बसण्याची जागा. कारागीर उकिडवा किंवा मांडी घालून बसतो आणि पायाचा अंगठा व बोटे यांत काम धरून ठेवतो. पायच येथे पकडीचे काम करतात.

काठी फाडणे हा या व्यवसायाचा पाया आहे. बांबूचे तंतू लांबीला समांतर असल्याने काठी सरळ चिरते. परंतु चीर एका बाजूस सरकली तर एक भाग जाड आणि दुसरा पातळ होत जातो. हे टाळण्यासाठी काठीचे नेहमी दोन समान भाग करतात, मग प्रत्येकाचे पुन्हा दोन. चीर सरकू लागल्यास जाड राहिलेल्या भागाकडे अधिक वाक देऊन ती मध्यावर आणली जाते. पेराच्या गाठीपाशी चीर अडते, तेथे कोयत्याला नेमका झटका द्यावा लागतो. कामट्या निघाल्यावर सालीचा चिवट थर व आतला मऊ गाभा वेगळा करतात. सालीच्या पट्ट्या काठासाठी व ताण सोसणाऱ्या भागासाठी, तर गाभ्याच्या पट्ट्या भरणीसाठी वापरतात. बारीक कामासाठी पट्टी आणखी तासून तिचे हीर काढतात. वाळलेला माल विणण्यापूर्वी पाण्यात भिजवावा लागतो.

टोपलीचे काम बुडापासून सुरू होते. कामट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या मांडून मध्य बांधतात, त्यांची टोके बाहेर पसरतात आणि त्यांतून पट्टी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून फिरवतात. एकाच पट्टीने सलग वीण घालायची असल्यास उभ्या कामट्यांची संख्या विषम असावी लागते. ती सम असली तर दुसऱ्या फेऱ्यात पट्टी पहिल्याच कामट्यांवरून जाते आणि वीण धरत नाही. अशा वेळी दोन पट्ट्या आळीपाळीने चालवतात किंवा एक कामटी मध्ये चिरून संख्या विषम करतात. बुडाचा व्यास पुरेसा झाला की कामट्या वर उचलतात. या उठावावर टोपलीचा घाट अवलंबून असतो. शेवटी कामट्यांची टोके वळवून वा कापून काठ बांधतात.

घरातील शिक्षण

पारंपरिक कुटुंबात कामाची विभागणी असे : तोडणे व फाडणे पुरुषांकडे, विणणे बहुधा स्त्रियांकडे. मुले प्रथम पट्ट्या भिजवणे, उचलून देणे, टोपलीचे बूड धरणे अशी कामे करीत. पुढे वाया गेलेल्या पट्ट्यांवर त्यांचा हात बसे. मोजमाप वीत, चार बोटे, हात यांनी घेतले जाई. पट्टीची जाडी डोळ्यांपेक्षा बोटांना अधिक कळे. हे ज्ञान शब्दांत मांडण्याची गरज घरात पडली नाही आणि म्हणूनच ते घराबाहेरच्या माणसाला शिकवणे कठीण ठरते.

प्रौढ वयातील शिक्षण

प्रौढ शिकाऊ व्यक्ती विणीचे गणित लवकर समजून घेते. सम-विषम संख्या, व्यास, प्रमाण व किंमत यांचा हिशेब तिला सांगता येतो आणि लिहूनही ठेवता येतो. अडचण येते ती फाडण्यात. एकसारख्या जाडीची पट्टी काढणे हे केवळ सरावाने येते; तसेच दीर्घकाळ जमिनीवर बसणे, पायाने पकड घेणे आणि सालीच्या धारेने बोटे कापणे यांची सवय व्हावी लागते. तयार पट्ट्या देऊन घेतलेल्या अल्पमुदतीच्या वर्गात सहभागी व्यक्ती टोपली विणून घरी नेऊ शकते. पण उभ्या काठीपासून दुसरी टोपली स्वतः करू शकतेच असे नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत टोपली, चटई व झाडू बनवणाऱ्यांचा समावेश आहे. किमान वय १८ वर्षे असून मूलभूत प्रशिक्षण ४० तासांचे व प्रगत प्रशिक्षण १२० तासांचे आहे. प्रशिक्षणकाळात प्रतिदिन ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. तथापि, ही योजना त्या व्यवसायात आधीपासून असलेल्या कारागिरांसाठी आहे. कौशल्य घरी मिळालेले आहे, हे तिच्यात गृहीत धरलेले आहे. तुलनेने जपानमधील ओइता प्रांताच्या बेप्पू येथील शासकीय बांबूकाम प्रशिक्षणकेंद्रात नवख्यांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात पट्टी तयार करण्यास पायाभूत महत्त्व दिले जाते.

महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील चिचपल्ली येथील वन विभागाचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र, मेळघाटातील लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभारलेले संपूर्ण बांबू केंद्र आणि कुडाळ येथील कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर या संस्था बांबूकामाच्या प्रशिक्षणासाठी परिचित आहेत. रचनेच्या अंगाने आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. ए. जी. राव यांनी बांबूवर दीर्घकाळ काम केले. ही केंद्रे भोर–वेल्ह्यापासून दूर असल्यामुळे घरदार व शेती सांभाळून शिकणाऱ्या येथील व्यक्तीला जवळच्या कारागिराकडे बसून शिकणे हाच सोयीचा मार्ग उरतो.

कायदेशीर बाजू

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये बांबूची गणना 'वृक्ष' म्हणून होत असे. २०१७ मधील दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू या व्याख्येतून वगळण्यात आला, त्यामुळे शेतातील बांबूची तोड व वाहतूक सुलभ झाली. वनहक्क अधिनियम, २००६ नुसार बांबू हे गौण वनोपज आहे. या हक्काचा प्रत्यक्ष वापर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये करून दाखवला. नोंदणीकृत बुरूड कामगारांना वन विभागाकडून सवलतीच्या दराने बांबू देण्याचीही तरतूद आहे.

सद्यस्थिती

प्लास्टिकची घमेली, टब, पोती व पत्र्याच्या कोठ्या यांमुळे पाटी, कणगी व रोवळी यांची मागणी घटली. इरल्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली. राज्य शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीचा रोख पिशव्या व एकदा वापरून फेकण्याच्या वस्तूंवर आहे. टोपलीशी स्पर्धा करणारी टिकाऊ घमेली व टब तिच्या कक्षेत येत नाहीत. सूप, परडी व दुरडी यांना विधींमुळे मागणी आहे, तर दिव्यांच्या छत्र्या, फुलदाण्या व भेटवस्तूंच्या टोपल्या यांना शहरात ग्राहक मिळतो.

या नव्या बाजारपेठेमुळे बुरूड समाजाबाहेरील व्यक्तीही हे काम शिकू लागल्या आहेत. त्यातून जातीशी बांधलेला व्यवसाय खुला होतो. परंतु जुन्या कारागिराला केवळ मजूर मानायचे की शिक्षक म्हणून मान व मानधन द्यायचे, हा प्रश्नही उभा राहतो. कमी मोबदला आणि व्यवसायाला चिकटलेली हीनत्वाची भावना यांमुळे बुरूड घरांतील तरुण इतर नोकऱ्यांकडे वळतात. ज्यांना फाडण्याचे काम पूर्ण अवगत आहे अशी पिढी वृद्ध होत असल्याने, प्रौढ शिकाऊंना देण्याजोगा हा भाग त्यांच्या हयातीतच शिकवला जाणे आवश्यक ठरते. वीण ही जुन्या टोपलीकडे पाहून उलगडता येते. काठी कशी फाडली, हे तयार टोपलीवरून कळत नाही.

हे सुद्धा पहा

बुरूड
बांबू
मेदार केतय्या
राजगड तालुका
भोर तालुका