आपल्याच माणसांवर नेम

१४ एप्रिल १९९४. उत्तर इराकच्या नो-फ्लाय झोनमध्ये अमेरिकेच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. आतले सगळेच्या सगळे, म्हणजे २६ जण गेले. वैमानिकांना ती इराकची 'हाइंड' हेलिकॉप्टरं वाटली होती.

बरं, हे घडलं भरदिवसा, स्वच्छ हवेत! वर 'अवॅक्स' हे टेहळणी विमानही होतं. मग चुकलं कुठे?

इराकमध्ये शिरल्यावर ओळखीचा कोड बदलायचा असतो, हे हेलिकॉप्टरवाल्यांपर्यंत पोचलंच नव्हतं. ते तुर्कस्तानातलाच कोड वापरत राहिले. दोघांच्या रेडिओचे चॅनेलही वेगळे, त्यामुळे एकमेकांचं बोलणं ऐकू येणं शक्य नव्हतं. अवॅक्सवाल्यांना हेलिकॉप्टरं त्या भागात आहेत हे माहीत होतं, पण 'थांबा' कोणीच म्हणालं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघत असेल.

कोर्ट मार्शल झालं ते अवॅक्सवरच्या एकाच अधिकाऱ्याचं, आणि १९९५ मध्ये तोही निर्दोष सुटला. मेलेल्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल?

स्कॉट स्नूक या लष्करी अधिकाऱ्याने २००० साली या घटनेवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक गट आपापल्या सोयीने नियमापासून थोडा थोडा सरकत जातो. एरवी ते खपून जातं. सगळ्यांची गाठ पडते त्या दिवशी मात्र माणसं मरतात.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. प्रत्येक मॉड्यूल आपापलं बरोबर चालतं, घोळ होतो तो जोडावर. फरक इतकाच, की आमच्याकडे बहुतेक वेळा रीस्टार्ट करता येतं.