वेदनाशमन, विद्युत् तंत्रिका उद्दीपनाद्वारे

दीर्घकाल टिकणारी वेदना कमी करण्यासाठी तंत्रिकांना (मज्जातंतूंना) सौम्य विद्युत् स्पंद देण्याची पद्धती. स्पंद त्वचेवर ठेवलेल्या विद्युत् अग्रांतून दिल्यास तिला ‘टेन्स’ या संक्षिप्त नावाने ओळखतात. या पद्धतीत उपचार प्रथम आला व त्याची उपपत्ती अनेक शतकांनंतर मिळाली.

रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस (इ. स. पहिले शतक) यांनी वातरक्ताच्या (गाउटच्या) रुग्णास ओल्या किनाऱ्यावर जिवंत टॉर्पेडो माशावर पाय ठेवून, तो गुडघ्यापर्यंत बधिर होईतो उभे राहण्यास सांगितले होते. हा मासा विजेचा धक्का देतो. पुढे व्होल्टा यांची विद्युत् चिती (१८००) व फॅराडे यांचा विद्युत् प्रवर्तनाचा शोध (१८३१) यांमुळे प्रवाह हवा तेव्हा मिळू लागला आणि एकोणिसाव्या शतकात विद्युत् चिकित्सेस बहर आला. तथापि भोंदू उपचारकांच्या अवास्तव दाव्यांमुळे तिची प्रतिष्ठा ओसरली.

ती पुन्हा प्राप्त झाली १९६५ मध्ये. रॉनल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या द्वार-नियंत्रण सिद्धांतानुसार स्पर्श वाहून नेणारे जाड तंत्रिका-तंतू उद्दीपित झाल्यास मेरुरज्जूतच वेदनेच्या संदेशांना अटकाव होतो. ठेच लागलेली जागा चोळल्याने कळ का कमी होते, याचाही उलगडा त्यातून झाला. १९६७ मध्ये वॉल व विल्यम स्वीट यांनी तीव्र जीर्ण वेदनेच्या ८ रुग्णांच्या तंत्रिकांना सेकंदास १०० स्पंद दिले. त्यांपैकी चौघांना २ मिनिटांच्या उद्दीपनानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम पडला. त्याच वर्षी नॉर्मन शीली यांनी मेरुरज्जूच्या उद्दीपनासाठी विद्युत् अग्राचे रोपण केले. अशा शस्त्रक्रियेस योग्य रुग्ण निवडण्यासाठी त्वचेवरील उद्दीपन वापरले जाई; काहींना तेवढ्यानेच आराम पडतो असे दिसल्यावर ते स्वतंत्र उपचार म्हणून रूढ झाले.

त्याच्या परिणामकारकतेविषयी मात्र एकमत नाही. रुग्णास मुंग्या आल्यासारखी संवेदना होत असल्याने खरे व लटके उद्दीपन यांची निःपक्षपाती तुलना अवघड जाते. ब्रिटनमधील २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असे म्हटले आहे. हृदयगतिकारक यंत्र बसविलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते वापरू नये. बधिर त्वचेवरही ते टाळतात.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या मर्यादांना विशेष महत्त्व आहे. यवतमाळ जिल्ह्यात कापूस हे प्रमुख पीक असून वेचणीचे काम तासन् तास वाकून करावे लागते. शिवाय केळापूर तालुक्यातील पांढरकवडा परिसरात भूजलातील फ्ल्युओराइडाचे प्रमाण काही ठिकाणी लिटरला १·५ मिग्रॅ. या मर्यादेपलीकडे आढळले आहे. असे पाणी वर्षानुवर्षे प्याल्याने हाडांचा फ्ल्युओरोसिस होऊन सांधे व पाठीचा कणा ताठरतात आणि दुखू लागतात. विद्युत् उद्दीपनाने अशा वेदनेस काही काळ उतार पडला, तरी हाडांतील विकृती नाहीशी होत नाही. १९८९ पासून यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु या व्याधीचे खरे निवारण रुग्णालयात नसून गावाला मिळणाऱ्या निर्दोष पाण्यात आहे. वेदना शमली म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे, हे कोणत्याही वेदनाशामक उपायाप्रमाणे येथेही लक्षात ठेवावे लागते.