टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक : फरक एका फेऱ्याचा

डोंगरकडा (जि. हिंगोली) : नांदेड-हिंगोली मार्गावरील कळमनुरी तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात केळी, ऊस आणि हळद ही प्रमुख पिके. अशा शिवारातल्या बागायतदाराच्या घरी इंजिनांची मोजदाद केली, तर दोन्ही जातींची इंजिने एकाच छपराखाली सापडतात. अंगणातली मोटारसायकल फोर-स्ट्रोक, ट्रॅक्टर फोर-स्ट्रोक, विहिरीवरचे जुने डिझेल इंजिनही फोर-स्ट्रोक. मात्र पाठीवर घेऊन फवारणी करण्याचा पेट्रोल पंप बहुधा टू-स्ट्रोक असतो. पंपाच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते आणि मोटारसायकलच्या पेट्रोलमध्ये मिसळायचे नसते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यामागचे कारण मात्र फारसे कोणी सांगत नाही. ऐन फवारणीत, घाईगडबडीत मोटारसायकलचे साधे पेट्रोल पंपात ओतले गेले, तर थोड्याच वेळात पिस्टन जाम होऊ शकतो. मग दुरुस्तीचा खर्च तर होतोच, शिवाय कीड आटोक्यात आणण्याचे मोलाचे दिवसही हातचे जातात. हा घोटाळा टाळायचा, तर दोन्ही इंजिने श्वास कसा घेतात, हे समजून घेणे उपयोगी ठरते.

चार धावांचे चक्र

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर-खाली फिरतो. वरून खाली किंवा खालून वर अशी त्याची एक खेप म्हणजे एक स्ट्रोक, अर्थात एक धाव. दोन धावांत क्रँकशाफ्टचा एक फेरा पुरा होतो.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक कामासाठी स्वतंत्र धाव असते. पहिल्या धावेत दट्ट्या खाली येतो आणि उघडलेल्या व्हॉल्व्हमधून हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्या धावेत दट्ट्या वर जाऊन ते मिश्रण दाबतो. स्पार्क प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेट घेते आणि तप्त वायूंच्या दाबाने दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. ही तिसरी, शक्तीची धाव. चौथ्या धावेत दट्ट्या पुन्हा वर जाऊन जळका धूर दुसऱ्या व्हॉल्व्हवाटे बाहेर लोटतो. चार धावा, दोन फेरे आणि एक स्फोट असा हा हिशेब आहे. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये २५०० स्फोट होतात. विहिरीवरचे डिझेल इंजिन १५०० फेऱ्यांनी चालत असेल, तर मिनिटाला ७५० स्फोट. (डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला, की तो आपोआप पेटतो.)

व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्यासाठी कॅमशाफ्ट, चेन किंवा गिअर, स्प्रिंगा असा सरंजाम लागतो. वंगणाचे ऑइल इंजिनाच्या तळाशी वेगळे साठवलेले असते. ते पेट्रोलमध्ये मिसळत नाही आणि इंजिन चांगल्या स्थितीत असेल तर फारसे जळतही नाही.

दोन धावांत चार कामे

टू-स्ट्रोक इंजिनात हीच चार कामे एकाच फेऱ्यात उरकली जातात. त्यासाठी दट्ट्याच्या वरची जागा आणि खालची जागा, दोन्ही राबवल्या जातात. दट्ट्या वर जाताना डोक्यावरचे मिश्रण दाबतो. त्याच वेळी त्याच्या खाली क्रँककेसमध्ये पोकळी निर्माण होऊन कार्ब्युरेटरमधून ताजे मिश्रण तेथे खेचले जाते. ठिणगी पडते, दट्ट्या खाली येतो. खाली येताना तो सिलिंडरच्या भिंतीतला एक झरोका उघडतो व त्यातून धूर बाहेर पडू लागतो. लगेच दुसरा झरोका उघडतो आणि क्रँककेसमध्ये दाबले गेलेले ताजे मिश्रण वर उसळून उरलासुरला धूर बाहेर ढकलते. दट्ट्या पुन्हा वर निघाला, की दोन्ही झरोके बंद होतात. अशा इंजिनाला व्हॉल्व्ह लागत नाहीत, कॅमशाफ्ट लागत नाही. दट्ट्या हाच दाराची उघडझाप करतो. स्फोट मात्र प्रत्येक फेऱ्याला होतो.

ऑइल मिसळण्याचे कारणही येथेच आहे. ताजे मिश्रण क्रँककेसमधून जात असल्याने तेथे फोर-स्ट्रोकप्रमाणे ऑइल साठवून ठेवता येत नाही. म्हणून वंगण पेट्रोलबरोबरच आत पाठवावे लागते. ते बेअरिंगला, दट्ट्याला आणि सिलिंडरच्या भिंतीला लागते व शेवटी जळून धुराबरोबर निघून जाते. साधे पेट्रोल घातले, तर इंजिन सुरू होते, पण वंगणाविना चालते. धातूवर धातू घासतो, दट्ट्या तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो.

गुण आणि दोष एकाच मुळाचे

प्रत्येक फेऱ्याला स्फोट होत असल्याने तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून दुप्पट शक्ती मिळावी, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात दीडपटीच्या आसपास किंवा त्याहून कमी मिळते. कारण धूर बाहेर ढकलताना ताज्या मिश्रणाचा काही भागही न जळता उघड्या झरोक्यातून निसटतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांत ही गळती १५ ते ३५ टक्क्यांच्या घरात असे. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या पेट्रोलचा मोठा वाटा सायलेन्सरमधून थेट हवेत जाई. त्यात जळक्या ऑइलचा निळसर धूर मिसळला, की शहरातल्या चौकात उभे राहणे नकोसे होई.

दोन्हींची तुलना भारतीय रस्त्यांवर १९८५ साली समोरासमोर झाली. त्या वर्षी आलेल्या दोन मोटारसायकलींपैकी यामाहा आरएक्स-१०० टू-स्ट्रोक होती, तर हीरो होंडा सीडी-१०० फोर-स्ट्रोक. दोघींचे इंजिन शंभर सीसीच्या आतबाहेरचे. पण आरएक्सची शक्ती सुमारे ११ अश्वशक्ती, तर सीडीची साडेसातच्या आसपास. वेगाच्या चाहत्यांनी पहिलीला डोक्यावर घेतले. रोज कामावर जाणाऱ्या, पेट्रोलचा हिशेब ठेवणाऱ्या कुटुंबाने मात्र दुसरीची वाट धरली.

महाराष्ट्राची दुचाकी

फोर-स्ट्रोक इंजिन जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चालवून दाखवले. टू-स्ट्रोकचा पाया स्कॉटलंडच्या ड्युगल्ड क्लर्क यांनी घातला आणि क्रँककेसमधून मिश्रण दाबण्याची सुटसुटीत रचना इंग्लंडच्या जोसेफ डे यांनी १८९० च्या सुमारास साधली. महाराष्ट्रात या रचनेला मोठा आश्रय मिळाला तो १९७२ पासून. त्या वर्षी आकुर्डीच्या बजाज ऑटोची चेतक आणि त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना बाजारात आली. दोन्ही टू-स्ट्रोक. सुटे भाग थोडे, किंमत आवाक्यात, दुरुस्ती गावातल्या गॅरेजात होणारी. स्कूटर तिरकी करून मग किक मारणे हा अनेक घरांतला सकाळचा नित्यक्रम होता. पुढे बजाजच्या एम-८०ने दुधाच्या कॅनपासून भाजीच्या पाटीपर्यंत सर्व काही खेड्यापाड्यांतून वाहिले.

प्रदूषणाचे निकष कडक होत गेले, तशी ही सद्दी संपली. दुचाकीने किलोमीटरमागे सोडायच्या कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा २००० साली २ ग्रॅम होती. ती २००५ मध्ये दीड ग्रॅम व २०१० मध्ये १ ग्रॅम झाली. न जळलेले हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साईडे यांच्या एकत्रित मर्यादेतही तशीच घट झाली. गळती अंगभूत असलेल्या इंजिनाला हे गाठणे महाग पडू लागले. जुनी चेतक २००० च्या दशकात थांबली. दीर्घकाळ टिकून राहिलेली टीव्हीएसची एक्सएल मोपेडही २०१५ मध्ये फोर-स्ट्रोक झाली.

दोष धावांचा नव्हे

तरीही टू-स्ट्रोक म्हणजे कालबाह्य, असे म्हणणे चूक ठरेल. न्हावाशेवा बंदरात येणाऱ्या अजस्र मालवाहू जहाजांची मुख्य इंजिने बहुतांशी टू-स्ट्रोक डिझेलच असतात आणि इंधनातील जवळपास निम्म्या ऊर्जेचे ती कामात रूपांतर करतात. त्यांत धूर ढकलण्यासाठी फक्त हवा वापरली जाते व इंधन नंतर फवारले जाते. त्यामुळे निसटते ती नुसती हवा.

दुसऱ्या टोकाला आहे पाठीवरचा पंप. १६ ते २० लिटर द्रावण पाठीवर असताना इंजिनाचे वजन किलोने नव्हे, पावशेराने मोजावे लागते. शिवाय तळाशी ऑइलचा साठा नसल्याने हे इंजिन वाकडेतिकडे झाले तरी त्याचे वंगण तुटत नाही. झाडे कापण्याची चेनसॉ याच कारणाने टू-स्ट्रोक राहिली. छोटी फोर-स्ट्रोक इंजिने आणि बॅटरीचे पंप आता या कामातही उतरले आहेत.

वापरणाऱ्यांसाठी

मिश्रणाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, तर २५:१ म्हणजे ४० मिलिलिटर टू-टी ऑइल. ‘थोडे जास्त घातले तर बरे’ हा समज खोटा आहे. जादा ऑइलने प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर कार्बनने तुंबतो. कमी ऑइल त्याहून घातक. मिश्रणाचे पेट्रोल चुकून मोटारसायकलमध्ये गेले तर ती धूर ओकेल, पण सहसा जाम होणार नाही. उलटी चूक मात्र महागात पडते.

निळ्या धुराचा अर्थही इंजिनागणिक बदलतो. टू-स्ट्रोकमध्ये थोडा निळा धूर स्वाभाविक आहे. फोर-स्ट्रोकमध्ये तोच धूर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजल्याची खूण असतो; जुनी मोटारसायकल घेताना हे पाहावे. कोणतेही इंजिन बंद खोलीत चालवू नये, कारण कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

एक नवी काळजीही आहे. २०२५ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. उसापासूनही तयार होणारे हे इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले, की इथेनॉल व पाणी यांचा थर तळाशी बसतो आणि त्यात ऑइल जवळपास नसते. तो थर इंजिनात गेला, तर परिणाम साधे पेट्रोल घातल्यासारखाच. म्हणून मिश्रण गरजेपुरतेच करावे, हंगाम संपताच टाकी रिकामी करावी आणि मिश्रणाचा डबा वेगळ्या रंगाचा ठेवून त्यावर ठळक अक्षरांत तसे लिहावे.