उधई आणि ठिपक्यांचा भुंगेरा

२३. लेखकाने बपेऱ्याच्या (ता. तुमसर) बांधावरची उधई आणि ६ पांढऱ्या ठिपक्यांचा काळा भुंगेरा एकाच कुळीत घातले आहेत, ते चूक. उधई, म्हणजे वाळवी, झुरळांची नातलग. तिला कोषावस्था नसते, भुंगेऱ्याला असते. ती वारुळात बुरशी पिकवते. पावसाळ्यात त्याच बुरशीच्या सात्या (अळंबी) वर येतात आणि आपण त्या चवीने खातो! भुंगेरा (अँथिया सेक्सगुट्टाटा) मात्र एकटा हिंडणारा शिकारी. पाठीवरची कठीण झापडे एकमेकांना जुळलेली, म्हणून त्याला उडता येत नाही. त्याचे अनेक भाऊबंद आफ्रिकेत आहेत. बुरशी पिकवणारी वाळवीही तिथे आहे, वारुळे पुष्कळ उंच. डिवचल्यास हा भुंगेरा फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो. वाचकांनी तो हातात घेऊन तोंडाजवळ नेऊ नये.